आतड्यातले जिवाणू आणि मनाचे आजार : एका कल्पनेचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

पोट आणि मन यांचं नातं आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भीतीने पोटात गोळा येतो. काळजीने घास घशाखाली उतरत नाही. लेकराला लागलं की आईच्या पोटात कालवतं. कुणाचं गुपित आपण पोटात ठेवतो, आणि ते ठेवता आलं नाही तर लोक म्हणतात, याच्या पोटात काही राहत नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी तीनदा संडासला जाणारं मूल तर जवळजवळ प्रत्येक घरात असतं.

गेल्या काही वर्षांत या जुन्या नात्याला एक नवं नाव मिळालं आहे : आतडं आणि मेंदूचा संवाद. त्यात मध्यस्थ म्हणून आतड्यातल्या जिवाणूंचं नाव घेतलं जातं. मोबाईलवर येणाऱ्या व्हिडिओंमुळे माझ्या दवाखान्यातही हा विषय रोज निघतो. "डॉक्टर, आनंदाचं रसायन पोटात बनतं म्हणे. मग मी डिप्रेशनची गोळी बंद करून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुरू करू का?" "पोट साफ नसलं की विष मेंदूत जातं हे खरं का?" असे प्रश्न मला विचारले जातात.

हे प्रश्न वेडगळ मुळीच नाहीत. पण ते नवेही नाहीत. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनी हेच प्रश्न विचारले होते, त्यांची घाईघाईने उत्तरं दिली होती, आणि त्या उत्तरांपायी काही रुग्णांचे जीव गेले होते. म्हणून आज थेट सल्ला देण्याआधी थोडा इतिहास सांगतो. तो समजला की आजच्या जाहिरातींतलं खरं काय आणि फुगवलेलं काय, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

पोटाच्या खिडकीतून दिसलेला राग

6 जून 1822. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर एका व्यापारी कोठीत चुकून बंदूक उडाली आणि ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटाच्या वरच्या भागात छर्रे घुसले. लष्करी सर्जन विल्यम ब्युमाँट यांनी त्याच्यावर उपचार केले. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक पूर्ण बुजलं नाही. त्याच्या कडा पोटाच्या कातडीला चिकटून बरं झालं आणि बाहेरून जठरात पाहता येईल अशी एक खिडकीच तयार झाली.

ब्युमाँट यांनी त्या खिडकीतून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, जठररस काढला आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. 1833 मध्ये त्यांनी त्या पुस्तकरूपाने छापल्या. त्यांतली एक नोंद आपल्या विषयाची आहे. सेंट मार्टिन रागावला किंवा घाबरला की जठराच्या अस्तराचं रूप आणि स्रवणारा रस बदलायचा आणि पचन बिघडायचं. मनाचा पोटावर होणारा परिणाम प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला गेला होता.

पुढे 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. लगेचच हार्वर्डमधला वैद्यकाचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न खायला घालून त्यांच्या जठराची हालचाल क्ष-किरणांखाली पाहिली. मांजर शांत असताना जठराच्या लाटा नीट चालू असायच्या. ते अस्वस्थ झालं की लाटा थांबायच्या, आणि शांत झालं की पुन्हा सुरू व्हायच्या. पुढे याच कॅनन यांनी संकटात शरीर लढायला किंवा पळायला कसं सज्ज होतं, हे उलगडून दाखवलं.

इकडे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळीच गोष्ट दिसत होती. जर्मनीत माइसनर आणि आउअरबाख या दोन शास्त्रज्ञांनी 1857 ते 1862 या काळात आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी शोधली. एक जाळं अस्तराखाली आहे, दुसरं स्नायूंच्या थरांमध्ये. या जाळ्यांत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत. मेंदूशी जोडणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं आपली लाट पुढे नेऊ शकतं. म्हणूनच ब्रिटिश शास्त्रज्ञ लँगली यांनी 1921 मध्ये आतड्याच्या मज्जासंस्थेला स्वायत्त मज्जासंस्थेचा वेगळा विभाग मानलं. आज लोक तिला दुसरा मेंदू म्हणतात. ही उपमा चांगली आहे, पण हा दुसरा मेंदू विचार करत नाही की दुःखीही होत नाही. तो अन्न पुढे ढकलण्याचं काम मात्र चोख करतो.

मेंदू आणि आतडं यांना जोडणारी मोठी वाट म्हणजे व्हेगस नस. गंमत अशी की तिच्यातले साधारण 80 टक्के तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे निरोप नेतात. हुकूम देणाऱ्यापेक्षा खबर देणारेच जास्त!

पॅरिसचं आंबट दूध

आता जिवाणूंकडे वळू. 1885 मध्ये थिओडोर एशेरिख यांनी तान्ह्या बाळांच्या शीत एक जिवाणू शोधला. तोच आजचा ई. कोलाय. 1899 च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत बायफिडो जातीचे जिवाणू सापडले. जन्मानंतर लगेचच आपल्या आतड्यात जिवाणूंची वस्ती होते, हे स्पष्ट झालं. मग साहजिकच प्रश्न आला : ही मंडळी आत नेमकं करतात काय?

त्या काळात कुजणं म्हणजे विष, अशी समजूत होती. फ्रेंच डॉक्टर शार्ल बुशार यांनी 1887 मध्ये स्वयंविषबाधेचा सिद्धांत मांडला. आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विषारी द्रव्यं तयार होतात, ती रक्तात जातात आणि डोकेदुखीपासून उदासीपर्यंत अनेक विकार घडवतात, असा तो सिद्धांत होता.

या सिद्धांताला सर्वांत मोठा पाठीराखा मिळाला तो एली मेचनिकॉफ. हा माणूस साधासुधा नव्हता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे त्याने दाखवलं आणि त्याबद्दल 1908 चं नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिश यांच्यासोबत विभागून मिळालं. आपल्या महाराष्ट्राचंही त्याच्याशी एक नातं आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा ज्याने इथे लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, तो वाल्डेमार हाफकिन ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉफचाच विद्यार्थी होता. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने उभी आहे.

मेचनिकॉफचं म्हणणं असं होतं की माणसाचं मोठं आतडं ही निरुपयोगी, किंबहुना घातक वस्तू आहे. त्यातले कुजवणारे जिवाणू आपल्याला अकाली म्हातारं करतात. बल्गेरियातले शेतकरी भरपूर आंबवलेलं दूध पितात आणि दीर्घायुषी असतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हात काम करताना त्या दह्यातला जिवाणू वेगळा काढला. मेचनिकॉफने निष्कर्ष काढला की दुधाचं दही करणारे जिवाणू आतड्यात आम्ल तयार करतील आणि कुजवणाऱ्यांना हुसकावून लावतील. तो स्वतः रोज आंबट दूध पिऊ लागला. युरोपभर दह्याची लाट आली. दुकानांत जिवाणूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. मेचनिकॉफ 1916 मध्ये 71 व्या वर्षी हृदयविकाराने गेला.

आपल्याकडे जेवणानंतर ताक पिणाऱ्या आजीला या सगळ्याचं नवल वाटलं नसतं. पण दही आरोग्याला चांगलं असणं आणि दह्याने म्हातारपण थांबणं, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. मेचनिकॉफने पहिल्या निरीक्षणावरून थेट दुसऱ्या दाव्यावर उडी मारली. ही उडी लक्षात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

उदासीवर जिवाणू : लंडन, 1910

लंडनचं बेथलेम हे युरोपातल्या सर्वांत जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक. तिथले डॉ. जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी 1910 मध्ये एक लेख छापला. त्यांनी तीव्र उदासीच्या 18 रुग्णांना दह्याचे जिवंत जिवाणू असलेलं औषध दिलं होतं. त्यांतले 11 जण पूर्ण बरे झाले, असं त्यांनी लिहिलं.

आजच्या बातमीदाराला हे कळलं असतं तर मथळा तयारच होता! पण एक डॉक्टर म्हणून मी पहिला प्रश्न विचारेन : हे औषध न दिलेल्या रुग्णांचं काय झालं? उदासीचा झटका अनेकदा काही महिन्यांनी आपोआप ओसरतो. रुग्णालयात नियमित जेवण, झोप आणि माणसांची सोबत मिळते, त्यानेही फरक पडतो. तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर 18 पैकी 11 या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. तरीही फिलिप्स यांचा प्रयोग निरुपद्रवी होता. आंबट ताकसदृश औषध पिऊन कुणाचं नुकसान होत नव्हतं. पुढे जे झालं ते मात्र निरुपद्रवी नव्हतं.

कल्पनेच्या हाती सुरी येते

त्याच काळात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये सर आर्बथनॉट लेन हे अत्यंत कुशल सर्जन होते. मोठं आतडं जर विषाचं कोठार असेल तर ते काढूनच का टाकू नये, असा त्यांचा विचार. बद्धकोष्ठतेच्या रुग्णांची, विशेषतः स्त्रियांची, मोठी आतडी ते काढू लागले. त्या वेळी अँटिबायोटिक नव्हती, शिरेतून सलाईन आणि रक्त देण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. 1913 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर मोठी चर्चा झाली आणि विरोधाचा सूर वाढत गेला. पुढे लेन स्वतः सुरी बाजूला ठेवून आहाराचा प्रचार करू लागले.

अमेरिकेत मात्र ही कल्पना त्याहून भयंकर वळणावर गेली. न्यू जर्सी राज्यातल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. हेन्री कॉटन हे उत्तम शिकलेले डॉक्टर होते. त्यांनी जर्मनीत क्रेपलिन आणि अल्झायमर यांच्याकडे शिक्षण घेतलं होतं. रुग्णांना बेड्या घालणं त्यांनी बंद केलं होतं. हेतू वाईट नव्हता, हे आधी सांगायला हवं.

त्यांच्या विचाराला एक आधारही होता. 1913 मध्ये नोगुची आणि मूर यांनी एका प्रकारच्या वेडाने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले होते. एक मनोविकार जंतूंमुळे होतो हे सिद्ध झालं. कॉटन म्हणाले, मग बाकीचेही तसेच असणार. शरीरात कुठेतरी दडलेला जंतुसंसर्ग मेंदूला विष पाठवतो. तो शोधा आणि काढून टाका.

आधी रुग्णांचे दात काढले गेले, हजारोंनी. मग टॉन्सिल. त्याने गुण आला नाही तर जठराचा भाग, पित्ताशय, गर्भाशय आणि शेवटी मोठं आतडं. अनेक रुग्णांची संमती नव्हती, काहींनी तर उघड प्रतिकार केला होता. कॉटन 85 टक्के रुग्ण बरे होत असल्याचं सांगत होते. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. दूरदूरचे श्रीमंत लोक आपल्या नातेवाइकांना त्यांच्याकडे आणू लागले.

1924 मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांनी आपल्या सहकारी डॉ. फिलिस ग्रीनेकर यांना तिथे तपासणीसाठी पाठवलं. या तरुण डॉक्टर बाईंनी जुने केसपेपर काढले, घरी गेलेल्या रुग्णांचा माग काढला, शक्य तिथे त्यांना समक्ष भेटल्या. चित्र पूर्ण उलटं होतं. सुधारलेल्यांत शस्त्रक्रिया न झालेलेच जास्त होते. मोठं आतडं काढण्याच्या शस्त्रक्रियेत कॉटन स्वतःच सुमारे 30 टक्के मृत्यू मान्य करत होते, प्रत्यक्षात प्रमाण त्याहूनही जास्त होतं.

आणि मग? मायर यांनी तो अहवाल दाबून ठेवला. तो छापला गेला नाही. कॉटन 1933 मध्ये वारले, तोवर त्यांचा लौकिक बऱ्यापैकी शाबूत होता.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या डॉ. ग्रीनेकर. त्यांच्याकडे नवा सिद्धांत नव्हता, नवं यंत्र नव्हतं. त्यांनी फक्त मोजलं. किती आले, काय केलं, किती बरे झाले, किती गेले, आणि ज्यांना काहीच केलं नाही त्यांचं काय झालं. आजही कुणी चमत्काराचा दावा केला तर हेच चार-पाच प्रश्न विचारायचे असतात.

लंबक दुसऱ्या टोकाला

स्वयंविषबाधेच्या सिद्धांताचं पितळ 1919 मध्ये वॉल्टर अल्वारेझ यांनी अगदी साध्या तर्काने उघडं पाडलं. बद्धकोष्ठ झालेल्या माणसाचं जड डोकं शौचाला होताच काही मिनिटांत हलकं होतं. रक्तात विष भिनलं असतं तर ते इतक्या लवकर उतरलं असतं का? दारू प्यायलेल्याची नशा ग्लास बाजूला ठेवताच उतरते का? म्हणजे त्रास विषाचा नाही, गुदाशय ताणल्याचा आहे. पुढे गुदाशयात नुसते कापसाचे बोळे भरून हीच जडपणाची, अस्वस्थतेची लक्षणं निर्माण करून दाखवण्यात आली. कापसात कसलं आलंय विष?

त्यानंतर पोटातल्या जिवाणूंचा मनाशी संबंध जोडणं म्हणजे वैदूगिरी, असं मानलं जाऊ लागलं. लंबक इतका उलटा गेला की पोटातल्या अल्सरचं खापरही मुख्यतः काळजी आणि ताणावर फोडलं गेलं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980 च्या दशकात दाखवलं की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर हा जिवाणू असतो. मार्शल यांनी तर 1984 मध्ये तो जिवाणू स्वतःच प्यायला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

यकृताने गुपचूप दिलेला पुरावा

मेचनिकॉफचं म्हणणं पूर्ण खोटं होतं का? नाही. एका आजारात ते शब्दशः खरं ठरलं, आणि तो आजार आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो.

1893 मध्ये रशियात पावलोव्ह आणि सहकाऱ्यांनी काही कुत्र्यांवर अशी शस्त्रक्रिया केली की आतड्यातलं रक्त यकृतात न जाता थेट मोठ्या शिरेत जाईल. ही कुत्री मांस खाल्ल्यावर चिडचिडी व्हायची, अडखळायची, कधी बेशुद्ध पडायची. 1954 मध्ये लंडनच्या डॉ. शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी यकृत खराब झालेल्या माणसांत हीच अवस्था तपशीलवार वर्णन केली.

सिरोसिसचा रुग्ण रात्री जागा राहतो आणि दिवसा पेंगतो. शांत माणूस अचानक चिडतो, विसरतो, असंबद्ध बोलतो, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पुढे केलेले हात फडफडतात. घरच्यांना वाटतं वेड लागलं किंवा पुन्हा दारू सुरू झाली. खरं कारण असं की आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून अमोनिया आणि इतर द्रव्यं तयार करतात, निरोगी यकृत ती निकामी करतं, आजारी यकृताला ते जमत नाही आणि ती मेंदूपर्यंत पोहोचतात.

उपचार काय? 1950 च्या दशकात आतड्यातले जिवाणू कमी करणारी अँटिबायोटिक देऊन रुग्णांचं भान परत येतं, हे दिसलं. 1966 पासून लॅक्टुलोज वापरात आलं. हे गोड पातळ औषध आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्या आम्लात अमोनिया अडकून पडतो आणि शौचावाटे निघून जातो. म्हणून सिरोसिसच्या रुग्णाला रोज दोन-तीनदा पातळसर शौचाला व्हावं असा डोस आम्ही ठरवतो, आणि म्हणूनच त्याने "जुलाब होतात" म्हणून हे औषध परस्पर बंद करू नये. अशा रुग्णाला बद्धकोष्ठ झालं तर ते खरोखरच मेंदूवर जाऊ शकतं.

म्हणजे जिवाणूंची द्रव्यं मनावर परिणाम करू शकतात, हे सिद्ध आहे. पण निरोगी यकृत असलेल्या माणसाला ते जसंच्या तसं लागू होत नाही.

आनंदाचं रसायन पोटात?

1930 च्या दशकात इटलीत एर्स्पामर यांनी आतड्याच्या पेशींत आतडं आकुंचित करणारं एक द्रव्य शोधलं. 1948 मध्ये अमेरिकेत रॅपोर्ट आणि सहकाऱ्यांनी रक्तातून सेरोटोनिन वेगळं काढलं. 1952 मध्ये कळलं की दोन्ही एकच आहेत. पुढच्याच वर्षी बेटी ट्वारॉग आणि आयर्विन पेज यांनी ते मेंदूतही असल्याचं छापून जाहीर केलं.

शरीरातलं 90 टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं, हे खरं आहे. पण व्हिडिओंत पुढचं वाक्य नसतं : आतड्यातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ते ओलांडू शकत नाही. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्यातलं सेरोटोनिन मुख्यतः आतड्याच्या हालचालीसाठी असतं. म्हणूनच उदासीच्या काही गोळ्यांनी सुरुवातीला मळमळ किंवा पातळ शौच होतं, आणि ते बहुधा काही दिवसांत थांबतं.

जपानचे उंदीर आणि बेल्जियमची माणसं

विषयाचं नवं पर्व 2004 मध्ये सुरू झालं. जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुडो आणि सहकाऱ्यांनी पूर्णपणे जिवाणूमुक्त वाढवलेले उंदीर घेतले. त्यांना थोडा वेळ अरुंद नळीत कोंडलं, तर त्यांच्या रक्तातली तणावाची संप्रेरकं साध्या उंदरांपेक्षा खूपच वाढली. बायफिडोबॅक्टेरियम जिवाणू दिल्यावर ही प्रतिक्रिया सामान्य झाली. नेहमीच्या उंदरांचे जिवाणू लहान वयात दिले तर काही सुधारणा झाली, उशिरा दिले तर नाही. इथे तुलनेचा गट होता, मोजमाप होतं. फिलिप्स यांच्या लेखात जे नव्हतं ते सगळं होतं.

2011 मध्ये आयर्लंड आणि कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलसचा एक वाण दिला. त्यांची भीती कमी झाली. व्हेगस नस कापल्यावर मात्र हा परिणाम नाहीसा झाला. जिवाणूंचा निरोप कोणत्या वाटेने जातो, याचा धागा मिळाला. याखेरीज जिवाणू चोथ्यापासून जी छोटी मेदाम्लं बनवतात ती, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींचे रासायनिक संदेश, या आणखी दोन वाटा आहेत.

मग माणसांचं काय? त्याच वाणाची चाचणी निरोगी पुरुषांवर झाली आणि 2017 मध्ये निकाल आला : ताण, चिंता, स्मरणशक्ती, कशातही फरक नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे!

2019 मध्ये बेल्जियममधल्या 1,054 लोकांच्या तपासणीत उदासी असलेल्यांमध्ये कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले. हे महत्त्वाचं आहे. पण उदास माणूस कमी जेवतो, कमी चालतो, कमी झोपतो. जिवाणू कमी झाल्याने उदासी आली की उदासीमुळे जिवाणू कमी झाले? अशा अभ्यासातून हे ठरत नाही.

2017 ची ऑस्ट्रेलियातली एक चाचणी मला आश्वासक वाटते. मध्यम ते तीव्र उदासीच्या 67 रुग्णांपैकी एका गटाला आहारतज्ज्ञाने 12 आठवडे भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं यांवर भर असलेला आहार शिकवला, दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ गप्पांची सोबत दिली. आहाराच्या गटात सुमारे 32 टक्के आणि दुसऱ्या गटात 8 टक्के रुग्णांची उदासी ओसरली. चाचणी लहान होती, आणि यामागे जिवाणूच आहेत असं ती सांगत नाही. आणखी एक गोष्ट विसरू नका : ज्यांचे आधीपासून उपचार सुरू होते, त्यांनी ते बंद केले नव्हते.

मग आपण काय करायचं?

या सगळ्या इतिहासातून माझ्या रुग्णांसाठी मी एवढं घेतो :

1. उदासी किंवा चिंतेची गोळी प्रोबायोटिकच्या भरवशावर बंद करू नका. अचानक बंद केल्याने चक्कर, बेचैनी आणि आजार उलटण्याचा धोका असतो. कमी करायची असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

2. आतडं धुऊन विष काढण्याच्या महागड्या उपचारांची गरज नाही. तो सिद्धांत शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाला आहे.

3. ताक, दही, इडली-डोसा, आंबोळी जरूर खा. आंबवताना असलेले जिवाणू शिजवल्यावर जिवंत राहत नाहीत, ताज्या दह्या-ताकात ते राहतात. पण जिवाणूंचं खरं खाद्य म्हणजे चोथा : ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाज्या, सालीसकट फळं. हे नसेल तर नुसत्या कॅप्सूलचा उपयोग काय?

4. सर्दी-पडशासाठी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. आतड्यातली वस्ती त्याने उगाच विस्कटते.

5. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी, केमोथेरपी चालू असलेल्यांनी प्रोबायोटिकसुद्धा विचारूनच घ्यावं.

6. शौचातून रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत नव्याने बदल झाला तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. तपासणी करून घ्या.

7. पोट वारंवार बिघडतं आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, तेव्हा डॉक्टर झोप, काळजी, घरचं वातावरण याबद्दल विचारतात. याचा अर्थ तुमचा त्रास खोटा आहे असा नाही. ब्युमाँट यांना तो डोळ्यांनी दिसला होता.

आणि मन फार खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो दही किंवा कॅप्सूल आजमावून पाहण्याचा काळ नव्हे. घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा.

आतड्यातले जिवाणू आणि मन यांचं नातं खरं आहे. त्यातून उद्या उदासीवरचं एखादं नवं औषध मिळेलही. ते मिळालं की त्याच्या मागे जाण्याआधी डॉ. ग्रीनेकर यांचे प्रश्न विचारा : किती जणांना दिलं, किती बरे झाले, आणि ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं?

टीप : हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या उपचारांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.